एन्झो बियाजी : इटलीतील सार्वजनिक दूरचित्रवाणी आणि पत्रकाराचे स्वातंत्र्य

प्रास्ताविक

वृत्तपत्र आणि दूरचित्रवाणी ही दोन्ही वार्ताप्रसाराचीच साधने असली, तरी त्यांत काम करणाऱ्या पत्रकाराची परिस्थिती एकसारखी नसते. वृत्तपत्राच्या मालकाशी मतभेद झाला, तर पत्रकाराला दुसऱ्या वृत्तपत्राचे दार ठोठावता येते. कारण छापखाना व कागद द्रव्यबळाने मिळविता येतात आणि वृत्तपत्रांची संख्या कायद्याने बांधलेली नसते. प्रसारणाचे तसे नाही. त्याला लागणाऱ्या लहरी मर्यादित आहेत व त्यांचे वाटप राज्यसंस्था करते. परिणामी या माध्यमाची दारे मोजकीच असतात आणि ती किती असावीत व त्यांच्या किल्ल्या कोणाच्या हाती असाव्यात, हे राज्यकर्तेच ठरवितात. हा भेद तत्त्वतः सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो एका व्यक्तीच्या आयुष्यात प्रत्यक्ष कसा उतरतो हे पाहावयाचे असेल, तर इटालियन पत्रकार एन्झो बियाजी (१९२०-२००७) यांच्या चरित्राइतके बोधप्रद उदाहरण क्वचितच सापडेल.

सुमारे सत्तर वर्षांच्या व्यवसायजीवनात बियाजी यांना सहा वेळा आपली जागा सोडावी लागली. त्यांपैकी चार जागा नियतकालिकांतील होत्या व दोन दूरचित्रवाणीतील. पहिल्या चारही प्रसंगी त्यांना थोड्याच अवधीत दुसरी, बहुधा अधिक मोठी, जागा मिळाली. उरलेल्या दोन प्रसंगी मात्र जे गेले ते परत मिळाले नाही, अथवा फार उशिरा व थोडे मिळाले. हा फरक का पडला याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जन्म व घडण

बियाजी यांचा जन्म ९ ऑगस्ट १९२० रोजी पियानाच्चो या खेड्यात झाला. आपेनाइन्स पर्वताच्या बोलोन्याकडील उतरणीवर लिझ्झानो इन बेल्व्हेदेरे नावाचे गाव आहे. पियानाच्चो ही त्याचीच एक वाडी होय. वडील बोलोन्या शहरातील एका साखर कारखान्याच्या कोठारात साहाय्यक म्हणून काम करीत. मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर सर्व कुटुंब शहरात राहावयास आले. पुढे जगभर हिंडूनही बियाजी यांनी या डोंगरी खेड्याशी असलेला संबंध कधी तुटू दिला नाही. त्यांच्या लेखनातील साधेपणाचे व काटकसरीचे मूळ अनेक अभ्यासकांना या वातावरणात दिसते.

बोलोन्यातील तंत्रशाळेत असतानाच त्यांनी मित्रांसह 'इल पिक्क्यो', म्हणजे 'सुतारपक्षी', या नावाचे विद्यार्थ्यांचे पत्र काढले. त्यात शाळेतील जीवनाविषयीच मजकूर असे. तथापि फासिस्ट राजवटीला तेवढेही सहन झाले नाही व काही महिन्यांतच ते बंद करण्यात आले. वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे १९३७ मध्ये, त्यांनी 'लाव्हेनिरे दितालिया' या कॅथलिक दैनिकात लिहावयास प्रारंभ केला, आणि १९४० मध्ये 'इल रेस्तो देल कार्लिनो' या बोलोन्यातील जुन्या दैनिकाच्या सायंआवृत्तीत त्यांना नोकरी मिळाली.

त्या काळची इटालियन वृत्तपत्रसृष्टी कशी होती हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पत्रकारांची अधिकृत नोंदवही फासिस्ट राजवटीने आपल्या ताब्यात ठेवली होती. तीत नाव नसलेल्यास हा व्यवसाय करता येत नसे. कोणती बातमी किती रकान्यांत द्यावी, कोणती गाळावी, याच्या सूचना लोकसंस्कृती मंत्रालयातून पातळ कागदावर टंकलिखित होऊन संपादकांकडे येत. त्या कागदावरूनच या सूचनांना 'व्हेलिने' असे नाव पडले. बियाजी यांच्या पिढीने पत्रकारितेचे पहिले धडे अशा वातावरणात गिरविले. पुढील आयुष्यात वरून आलेल्या सूचनेविषयी त्यांना जी तीव्र नावड वाटे, तिचे एक कारण या अनुभवात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

युद्ध आणि पहिले ध्वनिक्षेपण

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने मित्रराष्ट्रांशी युद्धविराम केला आणि उत्तर इटली जर्मन सैन्याच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बियाजी यांचा लुचीया गेत्ती यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर ते डोंगरात जाऊन 'न्याय व स्वातंत्र्य' या नावाच्या प्रतिकारदलात सामील झाले. दलाच्या नायकाने त्यांच्या हाती बंदूक देण्याऐवजी 'पात्रिओती' या छोट्या पत्राचे काम सोपविले. बियाजी हे त्या पत्राचे जवळजवळ एकटेच लेखक होते. जर्मनांनी छापखाना नष्ट करीपर्यंत त्याचे थोडेच अंक निघू शकले.

एप्रिल १९४५ मध्ये मित्रसैन्याने इटलीतील अखेरची मोठी चढाई केली. ९ एप्रिल रोजी सेनियो नदी ओलांडणाऱ्या फौजांत आठवी भारतीय डिव्हिजन होती, आणि तीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल याच पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे मराठी वाचकांना स्मरत असेल. या चढाईची परिणती म्हणून २१ एप्रिल रोजी बोलोन्या मुक्त झाले. मित्रसैन्याबरोबर शहरात आलेल्या बियाजी यांनी सैन्याच्या प्रचारशाखेच्या ताब्यातील नभोवाणी केंद्रावरून मुक्ततेची वार्ता नागरिकांना दिली. त्या वेळी ते चोवीस वर्षांचे होते. त्यांचे पहिले महत्त्वाचे ध्वनिक्षेपण ते हेच होय.

नियतकालिकांतील चढउतार

युद्धानंतर ते आपल्या जुन्या दैनिकात परतले. 'कार्लिनो'चे नाव काही काळ 'जोर्नाले देल एमिलिया' असे बदलले होते. तेथे खास प्रतिनिधी व चित्रपट-परीक्षक अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्याकडे होती. सायकलींच्या 'जिरो दितालिया' शर्यतीपासून १९४७ मधील ब्रिटिश राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहापर्यंत अनेक विषयांवर त्यांनी बातमीपत्रे पाठविली. नोव्हेंबर १९५१ मध्ये पो नदीला महापूर येऊन पोलेझिने हा सखल प्रदेश पाण्याखाली गेला व लाखाहून अधिक लोक बेघर झाले. या आपत्तीविषयी बियाजी यांनी लिहिलेले लेख फार वाचले गेले. परंतु अण्वस्त्रांविरुद्धच्या स्टॉकहोम आवाहनावर त्यांनी सही केली होती. शीतयुद्धाच्या त्या काळात एवढ्यावरून त्यांची गणना कम्युनिस्टांत झाली व कार्यालयात ते एकटे पडले. वस्तुतः ते कम्युनिस्ट नव्हते; प्रतिकारदलातील आपल्या काळापासून ते उदार समाजवादी विचाराकडे झुकलेले होते.

पुराविषयीच्या याच लेखांमुळे त्यांना मिलानच्या 'एपोका' या चित्रसाप्ताहिकाचे बोलावणे आले. मोंदादोरी या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेचे हे साप्ताहिक १९५० मध्ये निघाले होते. १९५२ मध्ये बियाजी तेथे मुख्य उपसंपादक झाले व पुढे लवकरच संपादक. त्यांच्या काळात हे साप्ताहिक लोकप्रिय झाले. पुढे १९६० च्या उन्हाळ्यात ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे तांब्रोनी मंत्रिमंडळ नवफासिस्टांच्या पाठिंब्यावर सत्तेत असताना जेनोव्हा येथे मोठी निदर्शने झाली, आणि ७ जुलै रोजी रेज्जो एमिलिया येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. त्या महिन्यातच मंत्रिमंडळ कोसळले. परंतु या घटनांविषयी 'एपोका'त आलेल्या लेखाने सरकार रुष्ट झाले होते, आणि अखेर संपादकाला आपली जागा सोडावी लागली. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तोरिनोच्या 'ला स्ताम्पा' या मान्यवर दैनिकाने त्यांना खास प्रतिनिधी म्हणून घेतले.

यापुढील दोन प्रसंग येथेच थोडक्यात नमूद करणे सोयीचे होईल. १९७१ मध्ये बियाजी 'इल रेस्तो देल कार्लिनो'चे संपादक म्हणून बोलोन्याला परतले. तेलउद्योगपती आत्तिलिओ मोंती हे त्या वेळी दैनिकाचे मालक होते. त्यांच्याशी न पटल्याने सुमारे वर्षभरातच बियाजी यांनी ते पद सोडले व ते मिलानच्या 'कोर्रिएरे देल्ला सेरा'त गेले. दुसरा प्रसंग १९८१ मधील. 'पी दोन' या गुप्त मंडळाच्या सभासदांची यादी त्या वर्षी उघडकीस आली, तेव्हा तीत 'कोर्रिएरे'चे मालक व संपादक यांचीही नावे आढळली. बियाजी यांनी ते दैनिक सोडले व ते 'ला रेपुब्लिका'त लिहू लागले. पुढे 'कोर्रिएरे'ची व्यवस्था बदलल्यावर ते तेथे परतही आले. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाणे शक्य होते, कारण मालक अनेक होते. शिवाय वृत्तपत्राचे धोरण मूलतः बदलल्यास भरपाई घेऊन नोकरी सोडण्याचा हक्क इटालियन पत्रकारांच्या सामूहिक करारात दिलेला आहे. 'विवेकाचे कलम' या नावाने तो ओळखला जातो. मतभेदाची किंमत मोजावी लागे, पण ती एका माणसाला झेपेल इतकी असे.

तेलेजोर्नालेचे संपादकपद

इटलीत नियमित दूरचित्रवाणी ३ जानेवारी १९५४ रोजी सुरू झाली. तिचा एकाधिकार 'राई' या संस्थेकडे होता व संस्थेवर मंत्रिमंडळाचे, म्हणजे व्यवहारात ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे, नियंत्रण होते. या नव्या माध्यमाचे महत्त्व ओळखण्यासाठी एक तपशील पुरेसा आहे. सुमारे पाच कोटी लोकसंख्येच्या या देशात सर्व दैनिकांचा मिळून खप कित्येक वर्षे पन्नास लाखांच्या आसपासच राहिला. १९६० मध्ये राईने निरक्षर प्रौढांना वाचावयास शिकविण्यासाठी आल्बेर्तो मांझी या शिक्षकाचा कार्यक्रम सुरू केला, तो १९६८ पर्यंत चालला. ज्यांच्या घरी वृत्तपत्र येत नव्हते, किंबहुना ज्यांना ते वाचताही येत नव्हते, त्यांच्यापर्यंत दूरचित्रवाणी पोहोचत होती.

१९६१ मध्ये एत्तोरे बेर्नाबेई हे राईचे महासंचालक झाले व त्याच वर्षी बियाजी यांच्याकडे 'तेलेजोर्नाले' या दैनिक वार्तापत्राचे संपादकपद आले. तोपर्यंत या वार्तापत्रात मंत्र्यांचे दौरे, उद्घाटने व धार्मिक समारंभ यांनाच प्राधान्य असे. वृत्तपत्रात जी बातमी ठरते ती दूरचित्रवाणीवरही बातमी ठरली पाहिजे, असे बियाजी यांचे साधे सूत्र होते. इंद्रो मोंतानेल्ली व जोर्जो बोक्का यांच्यासारखे वृत्तपत्रसृष्टीतील नामवंत लेखक त्यांनी राईकडे आणले. १९६२ मध्ये त्यांनी 'आर. टी.' हे दूरचित्रवाणीवरील पहिले चित्रसाप्ताहिक सुरू केले. 'एपोका'त मिळविलेला अनुभव या उपक्रमामागे होता.

त्या काळातील साल्व्हातोरे गाल्लो प्रकरणाकडे त्यांनी दिलेले लक्ष त्यांच्या दृष्टीचा चांगला नमुना आहे. सिसिलीतील या शेतकऱ्याला भावाच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली होती व तो वर्षानुवर्षे तुरुंगात होता. १९६१ मध्ये खून झालेला म्हणून समजला गेलेला भाऊच जिवंत आढळला. न्यायदानातील एवढी उघड चूकही दुरुस्त करण्यास त्या वेळच्या कायद्यात पुरेशी वाट नव्हती. सरकारी म्हणविल्या जाणाऱ्या वार्तापत्राने हा विषय हाती घेतल्यामुळे तो घरोघर बोलला गेला.

अशा संपादकावर टीका होणे अपरिहार्य होते. उजव्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर डावेपणाचा आरोप केला. सत्तेतील आघाडीच्या पक्षांनीही तक्रारी केल्या. कोणाला पडद्यावर आणावे व कोणाला आणू नये याविषयीच्या शिफारशींचा ओघ थांबला नाही. दोन वर्षे पुरी होण्याच्या आतच बियाजी यांनी ते पद सोडले व ते मिलानला लेखनाकडे वळले. राईशी त्यांचा संबंध यापुढेही राहिला. पण अधिकारपदावर ते पुन्हा कधी आले नाहीत. यानंतर ते राईत येत ते ठरावीक कार्यक्रमाचा करार करून. या स्थित्यंतराचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणास जाणवले नसावे. परंतु करारावर काम करणाऱ्यास काढून टाकावे लागत नाही. त्याचा करार पुढे चालू न ठेवला की काम भागते. चाळीस वर्षांनंतर नेमके हेच घडले.

मुलाखतीची पद्धती

दूरचित्रवाणीवरील बियाजी यांची खरी कामगिरी मुलाखतकार म्हणून आहे. १९६९ मधील 'दिकोनो दी लेई' या कार्यक्रमात, पाहुण्याविषयी इतरांनी काय म्हटले आहे ते त्याच्यासमोर ठेवून त्याला बोलते करण्यात येई. १९७१ मधील 'तेर्झा बी, फाच्चामो लापेल्लो' या कार्यक्रमात प्रसिद्ध व्यक्तींची त्यांच्या शाळेतील वर्गबंधूंशी गाठ घालून दिली जाई. पाहुणा कितीही मोठा असला, तरी ज्याने त्याला बाकावर बसलेले पाहिले आहे त्याच्यासमोर आव आणणे कठीण जाते, ही या कल्पनेतील मेख होती.

त्यांचा प्रश्न लहान असे; बहुधा एकाच वाक्याचा. प्रश्नात स्वतःचे मत ते फारसे घालीत नसत आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलत नसत. उत्तरानंतरची क्षणभराची शांतताही ते भरून काढण्याची घाई करीत नसत; पुष्कळदा खरे उत्तर त्या शांततेनंतर येई. ज्यांना समाजाने दोषी ठरविले आहे त्यांनाही ते याच रीतीने प्रश्न विचारीत. सिसिलियन माफियाचे अंतरंग न्यायालयापुढे उघड करणारा तोम्माझो बुशेत्ता याच्याशी झालेल्या संभाषणांवर आधारलेले त्यांचे पुस्तक १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. गुन्हेगाराला व्यासपीठ देणे योग्य काय, असा आक्षेप या प्रकारच्या मुलाखतींवर घेतला जातो. गुन्ह्याचे समर्थन करणे आणि गुन्हेगाराची विचारसरणी प्रेक्षकाला कळू देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे बियाजी यांच्या कामावरून दिसून येते.

१९८५ मधील 'लिनेआ दिरेत्ता' हा रोजच्या घडामोडींवरील कार्यक्रम त्यांच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांपैकी एक होता. पुढील वर्षीच्या 'स्पॉट' या साप्ताहिक कार्यक्रमात त्यांनी लिबियाचे मुअम्मर गद्दाफी यांची मुलाखत घेतली, तसेच पुण्यातील आश्रमामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले आचार्य रजनीश यांचीही. रजनीशांना त्या वेळी इटलीत प्रवेश नाकारण्यात आला होता. ज्याला देशाने दार बंद केले त्याचे म्हणणे देशाने निदान ऐकावे, ही भूमिका येथेही दिसते.

संस्थेचे बदलते स्वरूप

मध्यंतरीच्या काळात राईची घटनाच बदलत गेली. १९७४ मध्ये इटलीच्या घटना-न्यायालयाने असा निर्णय दिला की, प्रसारणाचा एकाधिकार समर्थनीय ठरावयाचा असेल तर त्यावर मंत्रिमंडळाऐवजी संसदेचे नियंत्रण हवे व त्यात विविध मतांना वाव हवा. त्यानुसार १९७५ चा १०३ क्रमांकाचा कायदा झाला. हेतू स्तुत्य होता. परंतु व्यवहारात 'संसदेचे नियंत्रण' याचा अर्थ 'पक्षांची वाटणी' असा झाला. पहिली वाहिनी ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांकडे, दुसरी समाजवाद्यांकडे व पुढे तिसरी कम्युनिस्टांकडे, अशी वहिवाट पडली. जमिनीचे तुकडे पाडून वाटावेत त्याप्रमाणे झालेल्या या वाटपास इटालियन भाषेत 'लोत्तिझ्झात्सिओने' म्हणतात.

१९७६ मध्ये त्याच न्यायालयाने स्थानिक खासगी प्रसारणास मुभा दिली. या फटीतून सिल्विओ बेर्लुस्कोनी या बांधकाम-उद्योजकाने राष्ट्रव्यापी जाळे उभारले. १९८४ पर्यंत तीन मोठ्या खासगी वाहिन्या त्यांच्या हाती आल्या व १९९० च्या कायद्याने त्या स्थितीस मान्यता मिळाली. १९९३ च्या कायद्यानुसार राईचे पाच सदस्यांचे संचालक मंडळ नेमण्याचा अधिकार संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांना देण्यात आला. हे अध्यक्ष पक्षातीत वागतील अशी अपेक्षा होती. मात्र संसदेत ज्याचे बहुमत, त्याचेच अध्यक्ष होऊ लागल्यावर या तरतुदीचा अर्थ बदलला. १९९४ मध्ये बेर्लुस्कोनी स्वतःच राजकारणात उतरले व पंतप्रधान झाले. ते सरकार अल्पकाळच टिकले, पण २००१ मध्ये ते पुन्हा सत्तेवर आले. अशा प्रकारे खासगी वाहिन्यांचा धनी आणि सार्वजनिक वाहिन्यांच्या नेमणुकांवर प्रभाव असणारा पंतप्रधान, या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या.

'इल फात्तो' आणि सोफियातील वक्तव्य

१९९५ मध्ये बियाजी यांनी राईच्या पहिल्या वाहिनीवर 'इल फात्तो', म्हणजे 'घटना', हा कार्यक्रम सुरू केला. रात्रीच्या मुख्य वार्तापत्रानंतर लगेच, अवघी काही मिनिटे, एक विषय आणि बहुधा एक पाहुणा, असे त्याचे स्वरूप होते. ही वेळ दिवसातील सर्वाधिक प्रेक्षकांची. २००४ मध्ये राईच्या दूरचित्रवाणीस पन्नास वर्षे झाली तेव्हा पत्रकारांच्या एका परीक्षक मंडळाने त्या कालखंडातील सर्वोत्तम वार्ताविषयक कार्यक्रम म्हणून त्याची निवड केली.

मे २००१ मध्ये निवडणुकीच्या अगदी तोंडावर या कार्यक्रमात विनोदी नट रोबेर्तो बेनिन्यी आले आणि त्यांनी बेर्लुस्कोनी यांची यथेच्छ थट्टा केली. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या वाहिनीने मतदानापूर्वी एका उमेदवाराची अशी टर उडवू द्यावी काय, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. निवडणूककाळात पक्षांना समान संधी देण्याविषयीचा कायदा आदल्या वर्षीच झाला होता. दुसऱ्या बाजूने हेही ध्यानात घ्यावे लागते की, ८ मे रोजी त्याच वाहिनीवरील दुसऱ्या एका कार्यक्रमात बेर्लुस्कोनी यांनी 'इटालियनांशी करार' या नावाच्या आपल्या वचननाम्यावर कॅमेऱ्यासमोर सही केली होती. बेनिन्यी यांच्या विनोदाचा रोख त्या प्रसंगावर होता.

१३ मे २००१ च्या निवडणुकीत बेर्लुस्कोनी यांचा विजय झाला व फेब्रुवारी २००२ मध्ये राईचे नवे संचालक मंडळ नेमले गेले. त्यानंतर १८ एप्रिल २००२ रोजी बल्गेरियाची राजधानी सोफिया येथे वार्ताहरांशी बोलताना पंतप्रधानांनी बियाजी, मिकेले सांतोरो व दानिएले लुत्तात्सी या तिघांची नावे घेतली. सर्वांच्या पैशाने चालणाऱ्या दूरचित्रवाणीचा या तिघांनी केलेला उपयोग गुन्हेगारी स्वरूपाचा आहे आणि तो यापुढे होऊ न देणे हे नव्या व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे, अशा आशयाचे ते वक्तव्य होते. इटालियन राजकारणात ते 'बल्गेरियन फर्मान' या नावाने रूढ झाले.

त्याच रात्री बियाजी यांनी आपल्या कार्यक्रमात उत्तर दिले. त्यांची पत्नी दोनच महिन्यांपूर्वी निवर्तली होती. ते स्वतः एक्क्याऐंशी वर्षांचे होते. कार्यक्रमाचे आठशेहून अधिक भाग झाले असून हा कदाचित अखेरचा ठरेल, असे त्यांनी शांतपणे सांगितले. गप्प राहून टिकण्यापेक्षा एखादा शब्द अधिक बोलल्याबद्दल बंद पडणे बरे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हंगाम संपेपर्यंत कार्यक्रम चालू राहिला व ३१ मे २००२ रोजी त्याचा शेवटचा भाग झाला. पुढील हंगामाच्या वेळापत्रकात ती वेळ त्यांना मिळाली नाही. तेथे एक विनोदी कार्यक्रम लावण्यात आला. दुसऱ्या वेळा व दुसऱ्या वाहिन्या यांविषयी बोलणी झाली, ती फिसकटली, आणि वर्षअखेर उभयपक्षी तडजोड होऊन बियाजी यांचा राईशी असलेला संबंध संपला.

या प्रकरणी कोणीही लेखी आदेश काढला नव्हता. पंतप्रधानांनी कार्यक्रम बंद करण्यास सांगितले नव्हते, आणि तडजोड बियाजी यांनी स्वखुशीने व मोबदला घेऊन केली, हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद शब्दशः खरा आहे. पण प्रकरणाचे गांभीर्य नेमके याच गोष्टीत आहे. फासिस्ट काळात संपादकाला पातळ कागदावर सूचना पाठवावी लागे. येथे सत्ताधाऱ्याने जाहीरपणे नापसंती व्यक्त केली एवढे पुरले. उरलेले काम वेळापत्रकाने व कराराच्या मुदतीने केले.

बियाजी यांची लेखणी बंद पडली नव्हती, कारण ते 'कोर्रिएरे'त लिहीतच होते, असेही म्हटले गेले. तेही खरे आहे. परंतु दैनिकाचा वाचक आणि रात्रीच्या वार्तापत्रानंतरचा प्रेक्षक हे दोन निरनिराळे समाज होत. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांचा फार मोठा भाग राई व बेर्लुस्कोनी यांच्या कंपनीच्या वाहिन्या यांत विभागलेला होता. एक दार मिटल्यावर दुसऱ्या दाराशी तोच धनी उभा होता. १९६० मध्ये 'एपोका' सोडणाऱ्या संपादकाला 'ला स्ताम्पा' उपलब्ध होते, तसे २००२ मध्ये काही नव्हते.

पुनरागमन व अखेर

एप्रिल २००६ मधील निवडणुकीनंतर इटलीत सत्तांतर झाले. २२ एप्रिल २००७ रोजी राईच्या तिसऱ्या वाहिनीवर बियाजी पुन्हा दिसले. नव्या कार्यक्रमास त्यांनी १९६२ मधील आपल्या जुन्या चित्रसाप्ताहिकाचेच नाव दिले. काही तांत्रिक अडचण आल्यामुळे पाच वर्षांचा खंड पडला, असे म्हणून त्यांनी प्रेक्षकांशी तुटलेले संभाषण पुढे सुरू केले. नापोलीतील गुन्हेगारी संघटनांविषयी लिहिल्यामुळे पोलीस संरक्षणात राहावे लागणारे तरुण लेखक रोबेर्तो साव्हियानो हे त्यांच्या पाहुण्यांत होते. कार्यक्रम त्या उन्हाळ्यापर्यंत चालला. ६ नोव्हेंबर २००७ रोजी मिलान येथे वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले, आणि त्यांच्या जन्मगावी, पियानाच्चो येथे, त्यांचे दफन करण्यात आले.

समारोप

बियाजी यांच्या चरित्राकडे एका धैर्यशील व्यक्तीची कथा म्हणून पाहणे सोपे आहे. इटलीत पुष्कळदा तसे पाहिले जाते. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट व्यक्तीच्या धैर्यापलीकडची आहे. १९६० व २००२ या दोन्ही वर्षी हा मनुष्य तोच होता, त्याची पद्धती तीच होती, आणि सत्ताधाऱ्यांची नाराजीही त्याच जातीची होती. परिणाम मात्र निराळे झाले. पत्रकाराला जाण्यासारख्या जागा किती होत्या आणि त्या जागांवर कोणाचा ताबा होता, यात त्या फरकाचे कारण आहे. पत्रकाराचे स्वातंत्र्य त्याच्या स्वभावात जेवढे असते, त्याहून अधिक ते नेमणुकीच्या नियमांत, कराराच्या स्वरूपात व मालकीच्या विभागणीत असते.

मंत्रिमंडळाकडून संसदेकडे, संसदेकडून सभागृहांच्या अध्यक्षांकडे, असे राईवरील नियंत्रण इटलीने वेळोवेळी हलविले. प्रत्येक वेळी राजकीय बहुमताने नव्या रचनेत प्रवेश मिळविला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या माध्यम-स्वातंत्र्यविषयक नियमावलीत सार्वजनिक प्रसारणसंस्थांच्या स्वायत्त कारभाराची व त्यांच्या प्रमुखांच्या पारदर्शक नेमणुकीची तरतूद आहे. ऑगस्ट २०२५ पासून ती प्रायः सर्वांशाने लागू झाली. तिचा उपयोग किती होतो हे सदस्य-राष्ट्रांच्या अंमलबजावणीवर ठरेल. ज्या ज्या देशांत प्रसारणाची मुख्य साधने सार्वजनिक पैशावर चालतात, तेथे तेथे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहतो. तो उभा राहिल्यावर बियाजी यांच्यासारखा माणूस त्या खुर्चीवर असेलच, याची हमी कोणतीही व्यवस्था देऊ शकत नाही. तो असलाच, तर त्याला सहज उठविता येणार नाही, एवढी हमी मात्र ती देऊ शकते.